मोथ्याचा घाट आणि गिअरची निवड

परतवाड्याच्या आसपास राहणाऱ्या रोड सायकलवाल्याला गिअरचा विचार दोन अंगांनी करावा लागतो. आमचा भाग तसा सपाट. संत्र्याचे बगीचे, कपाशी, तूर आणि मधून सरळसोट रस्ते. अंजनगावकडे जा नाहीतर चांदूर बाजारकडे, पुढचं मोठं चेनव्हील (पायडलजवळची दातेरी चकती) सोडायची वेळच येत नाही. पण उत्तरेला तोंड केलं की धामणगाव गढीच्या पुढे सातपुडा उभा राहतो, आणि चिखलदऱ्याच्या अलीकडच्या मोथा गावापर्यंत रस्ता चढतच जातो. परतवाडा समुद्रसपाटीपासून ४०० मीटरच्या आत आणि चिखलदरा ११०० मीटरच्या वर. मधलं अंतर जेमतेम ३० किलोमीटर, आणि त्यातली पहिली काही गावं सपाटीवरचीच.

माझ्या सायकलला आठ गिअर, म्हणजे मागे आठ चकत्या होत्या आणि त्यातली सर्वांत मोठी २५ दात्यांची. पुढे ५० आणि ३४. घाटात ३४ वर ठेवून मागे २५ लावले तरी पायडलच्या एका फेऱ्यात सायकल २.८५ मीटर पुढे जायची. मिनिटाला ६० फेरे मारायचे तर ताशी दहाच्या वर वेग ठेवायला हवा, आणि तेवढी ताकद माझ्या पायात नाही. मग फेरे चाळीसवर येतात, गुडघा दुखतो आणि दुसऱ्या दिवशी बगीच्यात ठिबकच्या नळ्या बघायला वाकणं जड जातं. त्यात गिअर बदलायच्या जुन्या लिव्हरमधलं ग्रीस इतकं घट्ट झालं होतं, की थंडीच्या सकाळी क्लिकच लागत नसे. २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळात पूर्ण करायची लांबची फेरी, करायची मनात होती. तिला साडेतेरा तास मिळतात. तेवढा वेळ हातापायांशी भांडण चालणार नाही, म्हणून गिअरचा सगळा संच बदलायचं ठरवलं.

आमच्याकडे दुकानात जाऊन चार कंपन्यांचे गिअर दाबून बघता येत नाहीत. परतवाड्यात सायकलची दुकानं आहेत, पण तिथे रोड सायकलचे सुटे भाग नसतात. अमरावतीत थोडंफार मिळतं, बाकी नागपूर किंवा कुरिअर. म्हणून ओळखीपाळखीतल्या सायकली मागून घेतल्या आणि शक्यतो त्याच घाटात, त्याच वळणांवर चालवून पाहिल्या. लोकांनीही मोठ्या मनाने दिल्या. सायकलवाल्यांमध्ये हा चांगुलपणा आहे, तो नमूद केलाच पाहिजे.

पहिली हातात आली ती शिमानोची क्लॅरिस. माझ्या मावसभावाची सायकल, आठ गिअर, मागे ३२ दाते. शिमानो म्हणजे जपानमधल्या ओसाकाजवळच्या साकाई शहरातली कंपनी, १९२१ साली सुरू झालेली. तिच्या रोड संचांची उतरंड सरळ आहे: क्लॅरिसला आठ गिअर, सोराला नऊ, तिआग्राला दहा, १०५ ला आधी अकरा आणि आता बारा, त्यावर अल्टेग्रा आणि सर्वांत वर ड्युरा-एस. गिअर टाकायची रीत सगळ्यांत तीच. ब्रेकची लिव्हरच आतल्या बाजूला ढकलली की मागची चेन मोठ्या चकतीवर चढते, आणि तिच्या मागची छोटी पट्टी दाबली की लहान चकतीवर उतरते. ब्रेक आणि गिअर एकाच लिव्हरमध्ये आणायचं काम शिमानोने १९९० साली ड्युरा-एसमध्ये केलं. त्याआधी हात खाली नेऊन फ्रेमवरच्या नळीवर खुंटी फिरवावी लागायची.

भावाच्या सायकलवर चढाला लागलो आणि ३४ ला ३२ लावले, तेव्हा पहिल्याच वळणावर फरक कळला. एका फेऱ्यात सव्वादोन मीटर. ताशी आठच्या वेगाने ६० फेरे आरामात बसतात. लिव्हरचा दर्जा, क्लिकचा आवाज, रंगरूप या सगळ्याच्या आधी हा हिशेब करा, असं मी आता प्रत्येकाला सांगतो. सर्वांत महाग संचावर मागे २५ असतील आणि सर्वांत स्वस्तावर ३२, तर मोथ्याच्या घाटात स्वस्तवाला पुढे जाईल. मग मी त्याच भावाच्या मित्राची १०५ चालवली, अकरा गिअरची. क्लिक हलकं, पुढचं चेनव्हील बदलताना बोटाला जोर लागत नाही, आणि दोन चकत्यांमधली उडी लहान असल्यामुळे सपाट रस्त्यावर वाऱ्याविरुद्ध नेमका गिअर सापडतो. हे सुख खरं आहे. घाटात मात्र सर्वांत हलका गिअर दोघांचाही सारखाच होता.

स्रॅमची सायकल अमरावतीच्या एका कॉलेजातल्या सरांची. अपेक्स संच, दहा गिअर. स्रॅम १९८७ साली शिकागोत सुरू झाली. पहिलं उत्पादन होतं मूठ फिरवून गिअर बदलायचं ग्रिप शिफ्ट, आणि रोड सायकलच्या बाजारात ते २००६ च्या सुमाराला फोर्स आणि रायव्हल घेऊन उतरले. त्यांची रीत वेगळी: ब्रेकची लिव्हर फक्त ब्रेकसाठी, ती आडवी हलत नाही. मागे एकच पट्टी. थोडी दाबली तर गिअर जड, लांबवर दाबली तर हलका. सर म्हणाले, "पहिल्या दिवशी गोंधळाल, दुसऱ्या दिवशी विसराल." तसंच झालं. ब्रेक लावता लावता गिअर टाकायचा असेल, जसं घाट उतरताना माकडं रस्त्यावर आली की हमखास होतं, तेव्हा ही रीत फार सोयीची वाटली, कारण ब्रेकची पकड हलत नाही. लक्षात ठेवायचं एकच. सर्वांत मोठ्या चकतीवर आधीच असाल आणि आणखी हलका गिअर मागायला पट्टी दाबलीत, तर चेन उलट एक चकती खाली येते. घाटात दम लागलेला असताना आपण कितव्या चकतीवर आहोत याचं भान ठेवावं लागतं. आणि एक श्रेय अपेक्सला द्यायला हवं. रोड सायकलला मागे ३२ दाते म्हणजे हौशी लोकांचं काम, असं मानलं जायचं त्या काळात, २०१० साली, त्यांनी ११ ते ३२ दात्यांची कॅसेट (मागच्या चकत्यांचा जुडगा) उघडपणे बाजारात आणली. डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या साध्या माणसाचा विचार त्यात दिसतो.

सरांच्या एका सहकाऱ्याकडे स्रॅमचेच हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आहेत. त्यांना डॉट तेल लागतं, शिमानोला मिनरल ऑइल. खेड्यातून बघितलं तर हा मुद्दा मोठा आहे, कारण मोटारसायकलच्या ब्रेकचं डॉट ४ तेल आमच्याकडे कुठल्याही ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतं, आणि सायकलचं मिनरल ऑइल मागवावं लागतं. मात्र डॉट हवेतली ओल ओढून घेतं, ते रंगावर सांडलं तर रंग जातो, आणि एकाच्या ब्रेकमध्ये दुसऱ्याचं तेल घातलं तर रबरी सील फुगून निकामी होतात. माझ्या फ्रेमला डिस्क बसतच नाही, म्हणून मी साध्या ब्रेकवर राहिलो.

कॅम्पॅग्नोलोची सायकल नागपूरच्या एका डॉक्टर मित्राची. ती घाटात आणणं जमलं नाही, म्हणून मीच नागपूरला गेलो आणि सेमिनरी हिलच्या छोट्या चढावर चालवली. इटलीतल्या व्हिचेन्झाची ही कंपनी, १९३३ ची. संस्थापक तुल्लियो कॅम्पॅग्नोलो स्वतः शर्यतीत उतरणारा. १९२७ च्या नोव्हेंबरात क्रोचे दाउने घाटात बर्फ पडत असताना चाकाचे नट गोठलेल्या बोटांनी सुटेनात, आणि त्यातून एका खटक्यात चाक निघणारी क्विक रिलीज त्याला सुचली, असं सांगतात. तीच क्विक रिलीज आज माझ्या चाकात आहे. कॅम्पॅग्नोलोच्या लिव्हरला ब्रेकमागे एक पट्टी, हलक्या गिअरसाठी. आणि आतल्या बाजूला अंगठ्याजवळ एक खुंटी, जड गिअरसाठी. दोन कामं, दोन वेगळी बोटं. हातमोजे घातले, घाम आला, तरी चुकीची पट्टी दाबली जाण्याचा प्रश्नच नाही. वरच्या दर्जाच्या संचात अंगठ्याच्या एका दाबात पाच गिअर खाली जाता येतं. हँडलच्या खालच्या वाकावर हात असताना मात्र माझा अंगठा खुंटीपर्यंत ताणावा लागला.

मनापासून सांगतो, हाताला सर्वांत आवडली ती हीच. तिच्या लिव्हर उघडून आतली स्प्रिंग, दातेरी चकती बदलता येते. इतर बऱ्याच लिव्हर बिघडल्या की पूर्ण बदलायच्या असतात. दुरुस्तीवर विश्वास असलेल्या माणसाला हे पटतंच. पण तिच्या कॅसेटच्या खाचा वेगळ्या, म्हणजे चाकाच्या हबवर फ्रीहबही (कॅसेट ज्यावर चढते तो भाग) वेगळा हवा. डॉक्टरांना एकेका भागासाठी महिनोन्महिने वाट पाहावी लागते. ते नागपूरला राहतात. मी तर त्यांच्याही पुढे दोनशे किलोमीटर आत.

चौथी मायक्रोशिफ्ट, तैवानची. अचलपूरच्या एका कॉलेजच्या पोराकडे सुरुवातीच्या दर्जाची रोड सायकल होती, तिला ही बसवलेली. ब्रेकची लिव्हर स्थिर आणि मागे दोन वेगळ्या पट्ट्या. वर दाबा, खाली दाबा, कळायला सोपं. क्लिक जरा कडक आणि आवाज मोठा. तिच्या रोड लिव्हर शिमानोच्या आठ-नऊ गिअरच्या डिरेलरसोबत (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) चालतात, आणि किंमत कमी. कमी पैशात सुरुवात करणाऱ्याने ही बेधडक घ्यावी.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. लिव्हरच्या एका क्लिकला वायर किती ओढली जाते, आणि तेवढ्या ओढीला मागचा डिरेलर किती सरकतो, याचं गणित प्रत्येक कंपनीचं वेगळं आहे. हे जमवून गिअर क्लिकवर बसवायची पद्धत शिमानोने १९८४ साली ड्युरा-एसमध्ये आणली. त्याच सुमाराला जपानच्याच सनटूर कंपनीच्या तिरक्या चौकटीच्या डिरेलरचं पेटंट संपलं. १९६४ ची ती कल्पना आज सर्व कंपन्या वापरतात, आणि सनटूरचं नाव रोड सायकलवरून गेलं, याची मला हळहळ वाटते. तर, स्रॅमच्या दहा गिअरच्या लिव्हरला शिमानोचा डिरेलर लावला तर चेन चकत्यांच्या मधोमध कुरकुरत राहील. शिमानोच्या घरातही सगळं एकमेकांना चालत नाही. तिआग्रा ४७०० दहाच गिअरची, पण तिची ओढ आधीच्या दहा गिअरवाल्यांशी जुळत नाही. सुटे भाग कुरिअरने मागवणाऱ्याने हा एक मुद्दा नीट समजून घ्यावा, नाहीतर आलेलं पार्सल परत बांधावं लागतं.

आणि याच मुद्द्यात आमच्यासारख्यांचा फायदाही लपलेला आहे. शिमानोच्या आठ आणि नऊ गिअरच्या रोड लिव्हरची ओढ आणि त्यांच्याच नऊ गिअरच्या माउंटन डिरेलरची ओढ एकच आहे. म्हणजे सोराच्या लिव्हरला त्यांच्या अलिव्हिओ या माउंटन संचाचा लांब पिंजऱ्याचा नऊ गिअरचा डिरेलर लावता येतो, आणि मागे ३६ दाते बसतात. ३४ ला ३६: एका फेऱ्यात दोन मीटर, ताशी सातच्या वेगाला ६० फेरे. अकरा-बारा गिअरचे रोड संच यांत्रिक रूपात माउंटन डिरेलर लावायची अशी मोकळीक देत नाहीत.

परतवाड्यातल्या आमच्या चाचांकडे हा बेत घेऊन गेलो. त्यांचं दुकान साध्या सायकलींचं, हात मात्र घड्याळजीचा. सगळं ऐकून म्हणाले, "भाऊ, गिअर कोनता बी आना, वायर साफ असन तं पडतेच. मले आधी हे सांगा, चेन तुटली तं कोठून भेटन?" याच प्रश्नावर नऊ गिअरच्या सोराची निवड पक्की झाली. नऊ गिअरची चेन ६.६ मिलिमीटर रुंद, अकराची साडेपाचच्या आसपास. चकत्यांमधलं अंतर आठ गिअरला ४.८ मिलिमीटर, नऊला ४.३५, अकराला ३.७४. जितकं अंतर कमी, तितकी वायर जरा ढिली पडली की चेन अडखळते. आमच्या रस्त्यांवर पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातली काळी माती डांबरावर येते, ती चेनमध्ये, वायरच्या कव्हरमध्ये, सगळीकडे जाते. उन्हाळ्यात तीच धूळ होऊन बसते. अशा ठिकाणी रुंद अंतराची यंत्रणा जास्त सोसते. शिवाय नऊ गिअरच्या चेन आणि कॅसेट शिमानो, स्रॅम, केएमसी, कोणाच्याही एकमेकांत चालतात. एक नाही मिळाली तर दुसरी.

बॅटरीवर चालणारे संचही आहेत. शिमानोचा ड्युरा-एस डीआय-२ आला २००९ साली, स्रॅमचा बिनतारी ई-टॅप २०१५ साली. ओढायची वायरच नसल्यामुळे मातीचा प्रश्न बराच मिटतो. किंमत माझ्या सायकलच्या कितीतरी पट, म्हणून तो विचार तिथेच संपला.

जुना क्रँक (पायडलचा दांडा) ठेवावा की वापरलेला अल्टेग्रा घ्यावा, असंही डोक्यात होतं. २०२३ च्या सप्टेंबरात शिमानोने जुन्या अकरा गिअरच्या अल्टेग्रा आणि ड्युरा-एसचे, जुलै २०१९ च्या आधी बनलेले, दोन भाग चिकटवून केलेले क्रँक तपासणीसाठी मागवले होते. वापरलेला माल घेताना मागचा उत्पादन कोड बघावा, सांधा उकललेला नाही ना, हे बोटाने चाचपावं. मी सोराचाच नवा क्रँक घेतला.

सामान आल्यावर जोडणी चाचांच्या दुकानातच, दुपारच्या वेळी केली. पहिलं काम हँगरचं. मागचा डिरेलर ज्या पट्टीला लटकतो ती पट्टी एसटीच्या टपावर सायकल टाकून नेली तरी वाकते, आणि ती वाकली असेल तर कुठल्याही कंपनीचा गिअर नीट पडत नाही. ती तपासायचं खास अवजार महाग आहे. चाचांनी दुसरं एक क्विक रिलीजचं मागचं चाक घेतलं आणि त्याचा एक्सलच हँगरच्या आट्यांत फिरवला. दोन्हीचे आटे सारखे, १० मिलिमीटर जाडीला १ मिलिमीटरचे. मग ते चाक सायकलच्या चाकाला चारही बाजूंनी समांतर येईपर्यंत हलक्या हाताने दाबत गेले. मी हे पहिल्यांदाच पाहिलं, आणि त्यांच्या बुद्धीचं फार कौतुक वाटलं.

दुसरं काम वायरच्या कव्हरचं, आणि इथे बऱ्याच दुकानांत घाई होते. गिअरच्या कव्हरमधल्या पोलादी तारा लांबीच्या दिशेने सरळ असतात, ब्रेकच्या कव्हरमध्ये त्या गोल वेटोळ्यात असतात. ब्रेकचं कव्हर गिअरला लावलं तर दाबाखाली ते आखडतं आणि क्लिक कधीच अचूक बसत नाही. उलट, म्हणजे गिअरचं कव्हर ब्रेकला, हे तर जिवावरचं आहे. जोरात ब्रेक दाबला की ते फाटू शकतं. कव्हर कापल्यावर तोंड कानशीने सपाट केलं, आतली प्लास्टिकची नळी सुईने उघडली, टोप्या बसवल्या.

चेन मोजताना पुढची मोठी आणि मागची मोठी चकती धरून, डिरेलरमधून न नेता, वर दोन कड्या ठेवल्या. मग एच आणि एल स्क्रूने दोन्ही टोकांच्या हद्दी बांधल्या, बी स्क्रूने वरची छोटी चकरी ३६ च्या चकतीपासून थोडी लांब केली, वायर ताणून घट्ट केली आणि एकेक क्लिक टाकत वायरचा ताण कमीजास्त करणारं बॅरल फिरवत गेलो. चेन वर चढायला कुरकुर करत असेल तर बॅरल बाहेर, खाली उतरायला आळस करत असेल तर आत. चाचा पायडल फिरवत होते, मी बॅरल. शेवटी ते म्हणाले, "बस, आता हात नोका लावू." मी हात काढला.

घाटात गेलो तेव्हा पाऊस उघडून ऊन पडलं होतं. धामणगाव गढीच्या पुढे चढ लागला तसा ३२ वर आलो, मोथ्याच्या अलीकडच्या खड्या वळणांवर ३६. पायांचे फेरे पन्नासच्या खाली गेले नाहीत. ३२ वरून ३६ वर जाताना उडी मोठी वाटते, आणि सपाटीवर वारा असला की १०५ च्या अकरा गिअरमधला तो नेमका मधला गिअर आठवतो. हँडलच्या टेपखालून जाणाऱ्या वायरमुळे समोरचं दिसणं साफ आहे, पण अशा लिव्हरमध्ये, कंपनी कुठलीही असो, वायर आतच तीव्र वळते आणि तिच्या तारा बहुधा तिथेच तुटायला लागतात. लहान चकतीकडे जाणारे गिअर अडखळायला लागले की बॅरल फिरवत बसू नये, आधी लिव्हरचं रबर उलटून वायरचं डोकं बघावं. डोकं तुटून आत अडकलं तर लिव्हर उघडावी लागते.

आता दर सामान्य देखभालीत चेनवर स्टीलची पट्टी ठेवतो. नवीन चेनची एक पिन शून्यावर ठेवली की तिच्या पुढची चोविसावी पिन नेमकी १२ इंचांवर येते. ती चोविसावी पिन १/१६ इंच पुढे गेली की चेन बदलायची, म्हणजे कॅसेट वाचते. खोगिरामागच्या पिशवीत एक हँगर, एक गिअर वायर आणि नऊ गिअरची जोडकडी कायम असते. मावसभावाने माझं बघून ३६ ची चौकशी सुरू केली आहे. त्याची क्लॅरिस आठ गिअरची, ओढ तीच, म्हणून माउंटन डिरेलर त्यालाही चालेल. कॅसेट मात्र आठचीच लागेल आणि ती किती दात्यांपर्यंत मिळते यावर त्याचं गणित आहे. सरांनी त्यांची स्रॅम सोडायची नाही असं ठरवलंय, आणि त्यांच्या हाताला ती बसली आहे हे मी त्यांच्या मागून घाट उतरताना पाहिलं आहे. हिवाळ्यात आम्ही तिघं सेमाडोहच्या रस्त्याने धारणीपर्यंत जाणार आहोत. चाचांनी तिन्ही सायकलींचे हँगर तपासायला आदल्या आठवड्यात बोलावलं आहे.